कादंबरीतलं पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्र: नकाशा कुठून आणायचा?

प्रश्न: मी पहिलीच कादंबरी लिहिते आहे. एका गोदामाला आग लागते, विझल्यावर आत मृतदेह सापडतो आणि तपास सुरू होतो. निम्मी कथा पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात घडते. शहर काल्पनिक आहे. या दोन्ही इमारतींच्या आत नेमकं काय असतं हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते मालिका बघून. ठाण्यात जाऊन "इमारतीचा नकाशा बघायला मिळेल का" असं विचारलं, तर तिथल्या अंमलदारांनी माझीच चौकशी केली. असे नकाशे कुठे मिळतात? नाहीच मिळाले तर मनानं रचलं तर चालेल का? आणि चुकलं तर जाणकार माणसं पुस्तक मिटून ठेवतील का? सोबत सातवं प्रकरण जोडलं आहे.
— एक लेखिका

उत्तर:

नमस्कार,

सातवं प्रकरण मन लावून वाचलं. गोदामाच्या आगीचा भाग अंगावर येतो, आणि ती आग तुम्ही कुठल्याही नकाशाविना लिहिली आहे हे आधी लक्षात घ्या.

नकाशाचं म्हणाल, तर तो मागू नका. कुठलंही ठाणं अनोळखी माणसाला आतला आराखडा देणार नाही आणि देऊही नये. कोठडीची दारं, शस्त्रं ठेवायची जागा, कॅमेऱ्यातून सुटणारे कोपरे यांवर आतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो, त्यात कोठडीतली माणसंही आली. अंमलदारांनी तुम्हाला हटकलं ते योग्यच केलं. शिवाय तुम्हाला नकाशाची गरजही नाही. नकाशात भिंत दिसते, ती का घातली ते दिसत नाही. आणि कादंबरीला हवं असतं ते कारण. पोलीस ठाण्याची रचना मुख्यतः कोणी कोणासमोर यायचं नाही यावरून ठरते. अग्निशमन केंद्राची रचना ठरते ती किती सेकंदांत बाहेर पडायचं यावरून. एवढं हाताशी धरलंत, तर बऱ्याच खोल्या तुमच्या तुम्हाला सापडतील.

मात्र त्याआधी देश आणि साल पक्कं करा. शहर काल्पनिक चालेल, कायदा काल्पनिक चालणार नाही. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानुसार अटक केलेला माणूस आधी कोठडी अधिकाऱ्यासमोर उभा केला जातो. हा अधिकारी किमान सार्जंट दर्जाचा असतो आणि त्या तपासाशी त्याचा संबंध नसावा लागतो. माणूस कोठडीत ठेवायचा की नाही हे तो ठरवतो, पकडून आणणारा नाही. त्यामुळे तिथल्या कोठडी विभागात शिरताच समोर एक उंच टेबल असतं. पकडणारा आणि पकडलेला, दोघंही टेबलाच्या एकाच बाजूला उभे. तपास अधिकाऱ्याला स्वतःची अटक तिसऱ्याच माणसाला पटवून द्यावी लागते! पुढे पहिल्या सहा तासांत आणि नंतर दर नऊ तासांच्या आत त्या कोठडीचा फेरविचार होतो. एका टेबलामुळे तुमच्या हाती एक संघर्ष आणि एक घड्याळ येतं.

तुमच्या पात्रांच्या नावांवरून मी कथा भारतातली धरते आहे. इथे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले: अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीसह जागच्या जागी करायची, नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची. म्हणजे तुमचा उपनिरीक्षक संशयिताला जीपमधून उतरवून थेट कोठडीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेतो तेव्हा मधली अख्खी साखळी गळते. ठाणे अंमलदारांचं टेबल, स्टेशन डायरीतली नोंद, अंगझडती, खिशातून निघालेल्या वस्तूंची यादी, भावाला केलेला फोन. ही साखळी तुमचा उपनिरीक्षक जाणूनबुजून तोडत असेल तर तोडू द्या. पण मग तो काहीतरी तोडतो आहे हे वाचकाला कळायला हवं आणि ठाण्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर दिसायला हवं.

याच प्रकरणात गोदामात काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही रात्रभर कोठडीत ठेवलं आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला, पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. मुलासाठी निराळी कोठडी काढा असं मी म्हणत नाही. तो मुलगा त्या रात्री कोठडीत नसेल तर बसेल कुठे, त्याच्यासोबत कोण असेल, त्याला भूक लागल्याचं कुणाच्या लक्षात येईल, हे शोधा. मला वाटतं, ते लिहिलंत तर हे प्रकरण आतापेक्षा कितीतरी मोठं होईल. तुमच्या दुसऱ्या संशयित बाईंना रात्री अकराला अटक होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर पात्रांच्या तोंडी दंड प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता येईल, हेही बघून घ्या.

ठाण्यात कोणकोणत्या जागा असतात हे शोधायचं एक उघड, कायदेशीर आणि फुकट साधन आहे: सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी खटल्यातला निकाल. देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे कुठे कुठे हवेत हे त्यात जागांची नावं घेऊन सांगितलं आहे. आत येण्या-जाण्याचे सगळे मार्ग, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, त्यांच्या बाहेरची जागा, बोळ, दर्शनी भाग, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, उपनिरीक्षकांच्या खोल्या, कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याची खोली, स्वच्छतागृहाबाहेरचा भाग, आवार, इमारतीची मागची बाजू. न्यायालयानं हे लिहिलं ते कोठडीतल्या छळाला आळा बसावा म्हणून, आणि वाचताना ते कायम ध्यानात ठेवा. ही यादी नुसती वाचली तरी इमारत डोळ्यांपुढे उभी राहते. चित्रण अठरा महिने जपून ठेवता येईल अशी यंत्रणा हवी आणि कुठल्याही परिस्थितीत ते वर्षाच्या आत पुसलं जाऊ नये, असंही त्या निकालात आहे. तुमच्या कथेत तपास तीन वर्षांनी पुन्हा उघडतो, तेव्हा त्या रात्रीचं चित्रण कुणी मुद्दाम काढून ठेवलं नसेल तर मिळणारच नाही.

परदेशी ठाणं हवं असेल तर इंग्लंडमधल्या कोठड्यांच्या तपासणीचे अहवाल जाहीर होतात, ते वाचा. कुठल्या कोठडीत गळफास अडकवता येईल अशी खाच राहिली आहे, पांघरूण पुरेसं आहे का, घंटेचं बटण दाबल्यावर कुणी येतं का, असं सगळं त्यात साध्या भाषेत असतं. वास्तुरचनेच्या पुस्तकापेक्षा कादंबरीकाराला त्यांचा उपयोग जास्त.

आता नव्या पद्धतीनं बांधलेल्या ठाण्यातला आरोपीचा रस्ता जवळून बघू. गाडी बंदिस्त आवारात शिरते. मागचं फाटक पूर्ण मिटल्याशिवाय गाडीचं दार उघडत नाही. आत जाण्याआधी पोलीस स्वतःचं पिस्तूल भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवून किल्ली खिशात टाकतो, कारण कोठडीच्या भागात शस्त्र न्यायचं नाही. टेबलाशी पट्टा, बुटांच्या नाड्या, गळ्यातली साखळी काढून घेतली जाते. कोठडीत खुंटी नसते, कडी नसते, हात अडकेल असा नळही नसतो. बाक भिंतीत बसवलेला आणि कडा गोल केलेल्या. माणूस स्वतःला इजा करू शकणार नाही असा विचार प्रत्येक वस्तूमागे असतो. अशा ठाण्यात तक्रार द्यायला आलेली माणसं दुसऱ्याच दारानं येतात आणि दोन रस्ते एकमेकांना कुठेच छेदत नाहीत.

इथे तुमचा बोळ येतो. मेलेल्या मुलाची आई आणि आरोपी बोळात समोरासमोर येतात, हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात जिवंत प्रसंग आहे. नव्या इमारती नेमका हाच प्रसंग टाळण्यासाठी बांधतात, म्हणून तो काढून टाकू नका. ठाणं जुनं करा. दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत भरलेलं, खोल्या कमी आणि माणसं जास्त, एकच बोळ, स्वच्छतागृहाकडे जायला तोच रस्ता. आईला पाणी प्यायला उठायचं आहे आणि त्याच वेळी आरोपीला वैद्यकीय तपासणीला न्यायचं आहे. बाकावरून तिला उठू द्यायचं नाही हे ज्या महिला पोलिसाला कळतं, पण अर्धा क्षण उशिरा कळतं, ती तुमच्या कथेत अजून आलेली नाही. तिला आणा. आदर्श इमारत कशी असते हे शिकायचं ते एवढ्यासाठीच, की खऱ्या इमारतीत काय कमी पडतं ते दिसावं.

चौकशीच्या खोलीतला लोंबता दिवा काढा. एकेरी आरशांची जागाही बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यांनी घेतली आहे.

माणसाइतकाच वस्तूचाही प्रवास लिहा. तुमच्या गोदामात अर्धवट जळलेला शर्ट सापडतो आणि पुढच्या वाक्यात तो प्रयोगशाळेत असतो. दरम्यान त्याचा पंचनामा होतो, तो बांधला जातो, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होतात, सील लागतं, मुद्देमाल कारकून नोंदवहीत त्याला क्रमांक देतो. रक्तानं किंवा पाण्यानं ओला झालेला कपडा तसाच प्लॅस्टिकमध्ये भरला तर दमटपणानं बुरशी धरते आणि जैविक पुरावा खराब होतो, म्हणून तो आधी सुकवायचा आणि कागदात गुंडाळायचा. काही देशांत मुद्देमालाच्या खोलीच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी उघडणारे कप्पे असतात. अधिकारी बाहेरून वस्तू ठेवून दार लावतो, ते पुन्हा त्याला उघडता येत नाही, आतल्या बाजूनं फक्त कारकून काढू शकतो. रोकड, अमली पदार्थ, शस्त्रं वेगळी, जास्त बंदोबस्तात. तुमच्या कथेत पुरावा बदलला जातो. तो कुठल्या हातातून कुठल्या हातात जाताना बदलला हे सध्या तुम्हालाही माहीत नाही असं वाचताना जाणवतं. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे ठरवलंत की तो गुंता सुटेल.

अग्निशमन केंद्राकडे वळते. तिथे सगळं सेकंदांवर आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या एनएफपीए १७१० या मानकात आगीच्या वर्दीला ऐंशी सेकंदांत आणि वैद्यकीय वर्दीला साठ सेकंदांत तयार होऊन निघायची अपेक्षा ठेवली होती. ऐंशी सेकंदांत झोपलेला माणूस उठतो, खाली येतो, पोशाख चढवतो, गाडीत बसतो. म्हणून झोपायची जागा गाड्यांपासून जवळ, बोळ सरळ आणि रुंद, वाटेत उंबरा नाही की खुर्ची नाही. बुटांवर विजार गोळा करून ठेवायची पद्धत तुम्ही पाहिली असेल: पाय थेट बुटात घालायचे आणि विजार वर ओढायची. गाडीचं तोंड बाहेर. काही केंद्रांत गाडी उभी असताना तिला विजेची तार जोडलेली असते, म्हणजे बॅटरी कायम भरलेली राहते, आणि इंजिन सुरू होताच प्लग आपोआप निघून पडतो. असा एक बारकावा पानावर आला की वाचक तुमच्यावर विश्वास टाकतो.

तुमच्या केंद्रात खांबावरून घसरत येणारे जवान आहेत. खांब ठेवायचा असेल तर त्याचं कारणही ठेवा. १८७८ साली शिकागोतल्या एका बंबखान्यात कॅप्टन डेव्हिड केन्यन यांनी तो पहिल्यांदा बसवला. तेव्हा बंब घोडे ओढत, घोडे तळमजल्यावर, चारा आणि माणसं वर. चाऱ्याच्या माळ्यावरच्या लांब दांड्यावरून एक जवान सरकत खाली आला आणि जिन्यानं येणाऱ्यांच्या आधी पोचला, ते पाहून ही कल्पना निघाली. पुढे बॉस्टनमध्ये पितळी खांब आला. आता घोडे नाहीत, पडून हातपाय मोडण्याचे प्रकार झाले आणि खांबाच्या भोकातून गाड्यांचा धूर झोपायच्या खोलीत चढतो. त्यामुळे जागा असेल तिथे नवी केंद्रं एकमजली बांधण्याकडे कल आहे. उंच मनोऱ्याचंही तसंच. पूर्वीचे सुती होज, म्हणजे पाणी मारायचे लांब पाइप, ओले राहिले तर कुजत, म्हणून ते उभे टांगून वाळवायचे. कृत्रिम धाग्याच्या होजना त्याची तितकी गरज उरली नाही, पण सरावासाठी मनोरे अजून वापरात आहेत.

आता ज्या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचं आहे तो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि अग्निशामकाच्या कामात होणाऱ्या संपर्काला २०२२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. यानं केंद्राची रचना बदलली. आगीवरून आलेला पोशाख आता स्वयंपाकघरात किंवा पलंगाशेजारी न्यायचा नाही. त्याच्यासाठी वेगळी हवेशीर खोली, मध्ये हातपाय धुवायची जागा, आणि मग स्वच्छ भाग. गाडीच्या धुराड्याला नळी लावून धूर परस्पर बाहेर सोडतात. जुन्या पिढीत काजळलेलं शिरस्त्राण हा अभिमान होता. नव्या पिढीला तीच काजळी घातक आहे हे शिकवलं जातं. तुमच्या कथेत निवृत्तीला आलेले तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे प्रमुख, आहेत आणि वर्षभरापूर्वी भरती झालेला जवान आहे. गोदामाहून परतल्यावर तांडेल तसेच जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात आणि पोरगा दारात थबकतो. त्याला बोलायचं आहे, पण मोठ्या माणसाला सांगायचं कसं? दोन खोल्यांमधल्या एका दारापाशी दोन पिढ्या उभ्या करता येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. नकाशात तुम्हाला ते कधीच मिळालं नसतं.

आता माणसांना विचारायचं कसं, ते. ठाण्यात अचानक जाऊ नका. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा: मी कोण, काय लिहिते आहे, कोणत्या चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत, केव्हा येऊ. सोबत कादंबरीची दोन पानं जोडा. "इथे काय काय आहे?" असं विचारण्याऐवजी "रात्री दोनला माणूस आणला तर पहिली सही कोण करतं?" असं विचारा, प्रक्रियेबद्दल बोलायला लोक सहज तयार होतात, बांधकामाबद्दल नाही. अग्निशमन केंद्रात स्वागत बहुधा लवकर होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या स्फोटांत आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात आणि त्या काळात प्रात्यक्षिकं असतात. तेव्हा जा. वर्दी आली की तुमचं बोलणं अर्धवट राहील, तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहा आणि रस्ता मोकळा ठेवा. सगळ्यात जास्त मिळेल ते निवृत्त माणसांकडून. त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि "तुमची नेहमीची खुर्ची कुठे होती?" एवढंच विचारा.

कॅमेरा घरी ठेवा. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं 'निषिद्ध स्थान' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं आहे, तरीही. ठाण्याच्या बाकावर बसलेली माणसं आयुष्यातल्या फार वाईट दिवशी तिथे आलेली असतात; त्यांचे चेहरे, नावं, तक्रारी तुमच्या वहीत येता कामा नयेत. आणि जे खरं ठाणं तुम्ही बघाल ते जसंच्या तसं पुस्तकात उतरवू नका. कोठडी दुसऱ्या बाजूला न्या, खोल्या वाढवा किंवा कमी करा, शस्त्रागाराचा उल्लेख असलाच तर दार कुठे ते नको. गोष्टीचं त्यात काहीच अडत नाही.

म्हणजे मनानं रचा, जरूर रचा. फक्त एकदा रचल्यावर चौकटीच्या कागदावर हातानं रेखाटून टेबलासमोर लावा. तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचा संदर्भ सातव्यात येतो, तिथे कोठडी जिन्याच्या डावीकडे होती आणि आता उजवीकडे गेली आहे. जाणकार माणसं मिटून ठेवतात ती अशा चुकांमुळे, एखादी खोली कमी पडली म्हणून नाही.

आणि तो कागद पानावर उतरवू नका. तुमचा परिच्छेद "आत शिरताच डाव्या हाताला अंमलदारांचं टेबल, उजव्या हाताला बिनतारी संदेशाची खोली, समोर…" असा अर्धं पान चालतो. एवढं सगळं त्या दारातून शिरणारं कुणीच बघत नाही. आईला दिसेल घड्याळ, टेबलावरचं पेन, आणि आपल्या आधी बसलेली तीन माणसं. उपनिरीक्षकाला यातलं काही दिसणार नाही, पण त्याची खुर्ची कुणी हलवली असेल तर लगेच कळेल. आरोपी दारं मोजेल.

मसुदा पुरा झाला की एका निवृत्त पोलिसाला आणि एका अग्निशामकाला वाचायला द्या. बरं-वाईट विचारू नका. वाचता वाचता जिथे थांबावंसं वाटलं तिथे पेन्सिलीनं खूण करा, एवढंच सांगा. पानं परत आली की दोघांच्या खुणा जिथे एकाच जागी पडल्या असतील तो भाग आधी लिहायला घ्या.